मिस्त्रींची दिवसपाळी

मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका लहान मुलाच्या खुर्चीत अडकून बसले होते आणि भाकरी खात होते. गुडघे छातीला टेकलेले, कमरेला पट्टा, समोर फळी आणि फळीवर डबा. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगात खाकी शर्ट, डोक्याला टोपी. मी नोकरीवर रुजू व्हायला आले होते. हातात नेमणुकीचा कागद, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा कोट. इथले प्रमुख कुठे भेटतील, असं मी विचारलं.

"बसा जरा, बाई," ते म्हणाले. "पाच वाजेपत्तर मला उटता येनार न्हाय."

मी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. पाच वाजले, लांबच्या गिरणीचा भोंगा झाला, तसा त्यांनी पट्टा सोडला आणि दोन्ही हातांनी आपलेच पाय एकेक करून बाहेर काढले. मांडी चोळत मला म्हणाले, "डाव्या बाजूला फळी चावतीया. दुपारपत्तर कळत न्हाय, दुपारनंतर कळतं. पोराला बोलता येत न्हाय, त्यो सांगनार कुनाला?" मग टोपी नीट करून म्हणाले, "हां, आता बोला. प्रमुख सायेब रजेवर हायत."

ही सत्तर-पंचाहत्तरच्या मधली गोष्ट. सोलापुरात एका संस्थेने सुताचं जुनं गोदाम घेऊन त्यात अपंगांसाठी व्यायामोपचाराचं केंद्र काढलं होतं. पोलिओ झालेली मुलं यायची, लकवा झालेले म्हातारे यायचे, मान न धरणारी, हातपाय ताठ झालेली पोरं आयांच्या कडेवर यायची. मुंबईच्या कॉलेजात मी जी उपकरणं पाहिली होती ती इथे परवडणारी नव्हती, आणि परवडली असती तरी ती खुर्चीवर बसून काटाचमच्याने जेवणाऱ्या माणसांच्या मापाची होती. आमची माणसं जमिनीवर बसणारी. त्यामुळे चालायला शिकण्याच्या दांड्या, खांदा फिरवायचं चाक, कप्प्या, वाळूच्या पिशव्या, तिचाकी, कुबड्या, सगळं मिस्त्री भंगारातून करायचे. ते तीस वर्षं गिरणीत साचे दुरुस्त करत होते. साचा म्हणजे माग. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि संतापले की दोन्ही एकदम.

त्यांचा एकच नियम होता आणि तो मोडायला त्यांनी देवाचंही ऐकलं नसतं. कुठलीही वस्तू माणसाला द्यायच्या आधी स्वतः त्यात एक अख्खी दिवसपाळी काढायची. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. नुसतं बसून किंवा उभं राहून नाही, त्या माणसाचं जे काम असेल ते करत. विडीवाल्या बाईसाठी पाठीला आधार देणारं बैठं आसन केलं तेव्हा ते दिवसभर त्यात बसून विड्या वळत होते. विड्या इतक्या वाईट झाल्या की त्यांच्या बायकोनेच त्या फेकून दिल्या. मी एकदा चिडून विचारलं, "मिस्त्री, अर्ध्या तासात कळत नाही का चांगलं-वाईट?" तर म्हणाले, "आपली एक दिवसपाळी, बाई. त्यांना जलम काडायचाय."

तिचाकीची दिवसपाळी तर मी डोळ्यांनी पाहिली. दोन्ही पाय पंच्याने बांधून, हाताने पायडल मारत, ते केंद्रापासून बाजारात गेले. मी मागून सायकलवर. चौकात कुणा भल्या माणसाने त्यांच्या हातावर दहा पैसे ठेवले आणि पुढे गेला. मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तिचाकी त्या माणसामागे घातली, भाजीवाल्यांच्या पाट्या चुकवत पार कोपऱ्यापर्यंत, आणि पैसे त्याच्या खिशात परत कोंबले. संध्याकाळी हातांना फोड आलेले. मी औषध लावत होते तेव्हा म्हणाले, "मुठीला चामडं लावतो. चाकाचं बरोबर हाय. लोकांचं काय करायचं त्ये मला जमनार न्हाय."

त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. ती कशी गेली हे ते प्रत्येक नव्या पेशंटला सांगायचे, कारण त्यांच्या मते त्यात उपदेश होता. गिरणीत कुणीतरी मागून हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं, तेवढ्यात चक्रात हात गेला. "चालत्या साच्याकडं पाठ करायची न्हाय," ते म्हणायचे. "कुनी बी हाक मारूंदे. बाप मारूंदे." लकवा झालेल्या म्हाताऱ्यांना या उपदेशाचा काय उपयोग, असा प्रश्न मला पडे, पण म्हातारे माना डोलवायचे.

आमची भांडणं व्हायची ती मापावरून. मिस्त्री माप घ्यायचे सुताने. माणसाच्या पायाला, पाठीला सूत लावायचं, जिथे सांधा तिथे गाठ मारायची आणि ते सूत भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचं. प्रत्येकाच्या सुताचा रंग वेगळा. अख्खी भिंत रंगीत सुतांनी भरलेली, आणि कुठलं कुणाचं हे फक्त त्यांना ठाऊक. मला रजिस्टरात सेंटिमीटर लिहायचे असत. मी त्यांना टेप आणून दिली. त्यांनी ती शिंप्यासारखी गळ्यात घातली आणि सुताने माप घेत राहिले. मुंबईहून मागवलेली उपकरणांची पुस्तिका दाखवली तर ते फक्त चित्रं बघत. "खाली काय लिहिलंय वाचा ना," म्हटलं की, "चष्मा घरी ऱ्हायला, बाई. तुमीच वाचा." मी नाक मुरडून वाचून दाखवायची. अकलूजची मी, फटकळ म्हणून घराण्यात प्रसिद्ध. म्हणायचे, "मिस्त्री, एक दिवस तुमचा चष्मा मीच घेऊन येते घरून." ते हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत. कामाला लागायचे.

मग गुरुजी आले.

नातेपुत्याजवळच्या एका वाडीत ते चौथीला शिकवत. पावसाच्या आधी शाळेचं छप्पर शाकारायला वर चढले आणि पाठीवर पडले. कमरेखालचं सगळं गेलं. हात मात्र शाबूत, आणि अक्षर असं की त्यांनी लिहिलेला फळा पुसायला पोरं तयार नसायची. वर्षभराची रजा संपत आली होती. तपासणी अधिकारी साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की फळ्यापाशी उभं राहून वर्ग घेता आला तर नोकरी राहील, नाहीतर सेवेतून कमी करावं लागेल. गुरुजींच्या घरी म्हातारी आई, बायको आणि दोन मुली. हे सगळं त्यांनी मला शांतपणे सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बाई, मला चालायचं नाही. मला फक्त उभं करा."

मिस्त्रींनी त्यांच्यासाठी निळं सूत घेतलं. पंधरा दिवसांत चौकट तयार झाली. सागाच्या फळ्या, लोखंडी कोन, गुडघ्यापुढे कापसाच्या गाद्या, कमरेमागे रुंद पट्टा, आणि वर एक दांडी, जिला धरून गुरुजींनी खुर्चीतून स्वतःला वर ओढायचं. हातांत जोर होता, त्यामुळे ते चौथ्या दिवशी एकटे उभे राहिले. त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडे तोंड करून रडली. मी गुडघे तपासले, घोटे तपासले, कंबर तपासली, पट्टा पक्का असल्याची खात्री केली. पट्टा इतका पक्का होता की भूकंप झाला तरी गुरुजी हलले नसते. मी दाखला लिहिला, 'चौकट योग्य आहे', आणि खाली ऐटीत सही केली.

एक गोष्ट मला खटकायला हवी होती, ती खटकली नाही. मिस्त्रींनी या चौकटीत दिवसपाळी काढली नव्हती. तासभर उभे राहिले, पाय बघितले, आणि "ठीक हाय" म्हणाले. मला वाटलं, तपासणीची तारीख जवळ आली म्हणून घाई केली असेल. मनातून बरंच वाटलं, की चला, शहाणपण आलं.

एस.टी.च्या टपावर चौकट बांधून आम्ही वाडीत गेलो. गावकऱ्यांनी ती आत नेऊन फळ्यापुढे ठोकली. वर्ग भरला होता. साहेब खुर्ची टाकून मागे बसले. गुरुजी दांडीला धरून उभे राहिले, खडू घेतला, आणि वर्षभराने त्यांचं अक्षर फळ्यावर उमटलं. साहेबांनी मान डोलावली. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते दाराबाहेर उभे होते, आत आलेच नव्हते.

"छान," साहेब म्हणाले. "आता मुलांना प्रश्न विचारा."

गुरुजींनी वळायचा प्रयत्न केला. मान वळली, खांदा थोडा वळला, आणि पट्ट्याने कंबर धरून ठेवली. चौकट फळ्याकडे तोंड करून ठोकलेली होती. त्यांनी पुन्हा जोर लावला. मग त्यांनी फळ्याकडे बघतच प्रश्न विचारला. पाठीमागे कोण आहे, कोण नाही, हे त्यांना दिसत नव्हतं. एक पोरगं जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसलं. दुसऱ्याने त्याची टोपी पळवली. "बंडू, तू सांग," गुरुजी फळ्याला म्हणाले, आणि बंडू तोवर दारातून बाहेर सटकला होता. पोरं हसायला लागली. आधी दोघंतिघं, मग सगळा वर्ग. गुरुजींचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. खडू तसाच हातात होता.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पोरांना दटावलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "नुसतं उभं राहणं म्हणजे शिकवणं नाही. महिन्याने परत येतो. त्यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी पूर्व भागात त्यांचं घर शोधत गेले. दारात त्यांची बायको विड्या वळत होती. मिस्त्री आत भिंतीला टेकून बसले होते. मी भांडायच्या तयारीने गेले होते. महिना होता हातात, त्यातले चार दिवस रुसण्यात घालवले म्हणून.

"दिवसपाळी काडली न्हाय मी," मी बोलायच्या आधीच ते म्हणाले. "काडली असती तर पयल्या तासालाच कळलं असतं. फळा म्हंजी साचा, असं धरलं मी. साच्याकडं पाठ करायची न्हाय, म्हनून पट्टा आवळला. गुरुजींचा साचा फळा न्हाय, बाई. पोरं हायत."

"मग काढली का नाही पाळी?"

बायकोने विडी वळणं थांबवलं.

"फळ्यापाशी दिवसभर उबं ऱ्हाऊन मी काय करनार व्हतो?" ते म्हणाले. "मला अक्षर येत न्हाय. आकडा बी न्हाय. तितं दाराच्या आत पाय टाकायचा म्हटलं तरी घाम फुटतो."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. सुताच्या गाठी, गळ्यातली टेप, घरी राहिलेला चष्मा. त्या घरात चष्मा नव्हताच. आणि मी आठ महिने त्या माणसाला चष्म्यावरून टोमणे मारत होते.

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. चौकटीखाली दोन गोल लाकडी चकत्या, मध्ये सायकलच्या दुकानातून आणलेले छर्रे, म्हणजे वरची चकती हलक्या हाताने फिरेल. फळ्याच्या बाजूला लावायला एक लोखंडी कडी, ती धरून गुरुजींनी स्वतःला फिरवायचं. आणि हवं तिथे थांबायला पायापाशी खिट्टी, तिला वरून दोरी. हे सगळं झाल्यावर ते मला म्हणाले, "चला. पाळी काडायची."

त्या दिवशी सकाळी मिस्त्री पहिल्यांदा शाळेच्या आत गेले. टोपी काढून हातात घेतली, मग काय करावं न कळून परत घातली. चौकटीत उभे राहिले, पाय बांधून घेतले. गुरुजी शेजारी चाकाच्या खुर्चीत बसून शिकवत होते आणि सांगत होते, "आता वळा. आता लिहा. आता त्या कोपऱ्यातल्या पोराकडे बघा." लिहा म्हटलं की मिस्त्री खडूने फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायचे. पट्टी लावल्यासारखी सरळ. एका मुलीने विचारलं, "ह्ये गुरुजी नुसत्या रेघाच का वडत्यात?" मिस्त्री म्हणाले, "हात आकडलाय, बाय." मी खिडकीबाहेर बघितलं.

दहा वाजता कळलं की डावीकडे वळताना कोपर दांडीला लागतं. दुपारी कळलं की खिडकीतलं ऊन डोळ्यावर येतं, म्हणून चौकट हातभर सरकवली. तीननंतर टाच कापायला लागली. मी म्हटलं, "मिस्त्री, उतरा आता, कळलं सगळं." ते म्हणाले, "शाळा सुटली का?" शाळा सुटल्यावर त्यांना धरून बाहेर आणावं लागलं. तिथे बसून त्यांनी टाचेला नवी गादी शिवली.

महिन्याने साहेब आले. गुरुजी उभे राहिले, लिहिलं, कडी धरली आणि वळले. वर्गाकडे तोंड करून त्यांनी एकेका पोराकडे पाहिलं. कुणी जागचं हललं नाही. त्यांनी अर्धा तास गणित घेतलं, मग कविता घेतली, चुकलेल्याला दम दिला. मला वाटलं, जिंकलो.

साहेबांनी फाईल उघडली. "अर्धा तास छान झाला," ते म्हणाले. "पण शाळा अर्ध्या तासाची नसते. पहिल्या चौकटीलाही दाखला होताच. बाई, तुमचीच सही आहे ना ही? 'चौकट योग्य आहे' असं लिहिलंय. ती फसली. मग ही दिवसभर टिकेल हे मी कशाच्या आधारावर लिहू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब, गुरुजी, दारात उभी असलेली गुरुजींची बायको. मला बोलायचं होतं. चूक माझी होती, पदवी माझी, सही माझी, वळायचं कसं हे बघणं माझं काम. पण तोंडातून शब्द फुटला नाही. फटकळ म्हणून प्रसिद्ध असलेली मी, मागच्या भिंतीला टेकून कोटाचं बटण चाचपत राहिले.

तेवढ्यात पोरांच्या शेवटच्या रांगेत, जमिनीवर बसलेले मिस्त्री उठले. टोपी काढली.

"सायेब, टिकंल. म्या सोता दिवसभर उबा ऱ्हायलोय ह्यात. घंटा झाल्यापासून शाळा सुटंपत्तर."

"तुम्ही कोण? शिक्षक आहात का?"

"न्हाय सायेब. मिस्त्री हाय. चौकट मीच केली, पयली बी आन ही बी. पयली चुकली त्यात गुरुजींचा दोष न्हाय आन बाईंचा बी न्हाय. मला लिवाय-वाचाय येत न्हाय. शाळंत कवा गेलो न्हाय, म्हनून मास्तर कसा शिकवतो त्ये मला ठावं नव्हतं. लाज वाटली म्हनून बघाय बी आलो न्हाय. ती चूक माजी."

मग मागच्या एका पोराला हसू फुटलं, आणि त्याच्या मागे आणखी दोघांतिघांना. एवढा मोठा माणूस आणि अक्षर येत नाही, म्हणून. मिस्त्री तसेच उभे राहिले. त्यांनी हसणाऱ्या पोरांकडे पाहिलं, मान खाली घातली नाही.

"गप्प बसा," गुरुजी चौकटीतून म्हणाले. ते त्या पोरांकडे पूर्ण वळले होते. पोरं गप्प झाली.

साहेबांनी बराच वेळ कागदावर काही लिहिलं. मग सही केली आणि गुरुजींना म्हणाले, "सोमवारपासून रुजू व्हा." गुरुजींची बायको तिथेच दाराच्या उंबऱ्यावर बसली.

परतताना एस.टी.त गर्दी नव्हती. मिस्त्री खिडकीपाशी बसले, मी शेजारी. माळशिरस मागे पडेपर्यंत मी धीर गोळा करत होते.

"सगळ्यांसमोर कशाला सांगितलंत, मिस्त्री?" मी शेवटी विचारलं. "दिवसभर उभा राहिलो, एवढंच पुरलं असतं."

"मागल्या खेपंला पोरं गुरुजींना हसली," ते म्हणाले. "त्ये हसू माजं व्हतं. ज्याचं त्याला मिळाय पायजे."

मला रडू आलं. कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हटलं, "मिस्त्री, चूक माझीसुद्धा होती. मी तपासलं, मी सही केली. मी बोलायला हवं होतं."

"म्हाईत हाय की," मिस्त्री म्हणाले. "तुमची नोकरी नवी हाय."